हीटर प्लग बदलण्याआधी व्होल्ट मोजून दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निफाडचा पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद आपल्या दैनिकात ठळक येते. द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो येतात, मणी तडकण्याची भीती छापली जाते. ते छापायलाच हवं. पण त्याच पहाटे आमच्याकडे गावोगावी आणखी एक प्रकार चालू असतो, त्याची बातमी होत नाही. बागेत शेकोटी पेटवायला किंवा पाणी सोडायला निघालेल्या माणसाची डिझेल जीप चालू होत नाही. सेल्फ फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, इंजिन दोन-चार ठोके देतं आणि बसतं. मग धक्का मारायचा, नाही जमलं तर ट्रॅक्टरने ओढायची आणि उजाडल्यावर गॅरेज गाठायचं. तिथे ठरलेलं उत्तर मिळतं, 'हीटर प्लग गेले, चारही टाकावे लागतील.'

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक डिझेल या व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो, आता निवृत्त आहे. शिकवलेली पोरं आज तालुकाभर गॅरेज चालवतात, त्यामुळे अडलेल्या गाड्या अजूनही माझ्या दारापर्यंत येतात. त्या बघून जे वाटतं ते तळमळीने लिहीत आहे. हीटर प्लगची तक्रार पुष्कळदा प्लगची नसतेच, प्लगपर्यंत पुरेशी वीज न पोहोचण्याची असते. ती शोधायला लागणारं मीटर प्रत्येक गॅरेजात आहे. तरीही न मोजता माल बदलला जातो आणि पैसे गाडीमालकाचे जातात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते, आणि त्या हवेत फवारलेलं डिझेल पेटतं. इंजिन गार असलं की दाबलेल्या हवेतली उष्णता सिलिंडरच्या गार भिंती ओढून घेतात आणि पेटायला हवी तेवढी गरमी उरत नाही. ही तूट भरून काढायला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक हीटर प्लग असतो. किल्ली फिरवली की काही सेकंदांत त्याचं टोक आठशे ते हजार अंशांपर्यंत लाल होतं. जुन्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं. अशा गाड्यांना प्लगशिवाय रोजची सकाळही जड जाते. नंतरच्या थेट फवारणीच्या आणि कॉमन रेलच्या गाड्या आपल्याकडच्या साध्या थंडीत प्लग न तापताही बऱ्याचदा चालू होतात. म्हणून त्यांतला बिघाड उन्हाळा-पावसाळा झाकून राहतो आणि नेमका डिसेंबर-जानेवारीत, सगळ्यांची घाई असताना, उघडा पडतो.

आता एक उदाहरण सांगतो. शेजारच्या गावचे एक द्राक्ष बागायतदार आहेत, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांच्या जुन्या जीपला थंडीच्या सुरुवातीला त्रास सुरू झाला. गॅरेजात चारही प्लग बदलले, दोन दिवस बरं चाललं. मग पुन्हा तेच. मग बॅटरी नवी घेतली. पुन्हा तेच. शेवटी 'डिझेल पंप उतरवून नाशिकला पाठवू' असं सांगितल्यावर आप्पा माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पंपाचा खर्च ऐकून छातीत धस्स झालं. एकदा बघता का?"

मी मेकॅनिकलाही बोलावून घेतलं. पोरगा कष्टाळू, मनाने प्रामाणिक. त्याने तपासणी केली नव्हती असं नाही. प्लगची वायर काढून तिला मीटर लावलं होतं, किल्ली फिरवली, साडेबारा व्होल्ट दिसले. टेस्ट लॅम्प लावला, तोही झकास पेटला. "सर, सप्लाय ओके आहे," तो म्हणाला. खरा घोटाळा इथेच आहे, आणि याच एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो.

ठिबकच्या नळीत कुठे कचरा अडकला असेल तर कॉक बंद असताना गेजवर दाब पूर्ण दिसतो. कॉक उघडून पाणी वाहायला लागलं की काटा पडतो आणि शेवटच्या झाडाला थेंब मिळत नाही. विजेचंही तसंच आहे. वायर मोकळी ठेवून मीटर लावलं की त्यातून नावापुरता प्रवाह जातो, म्हणून गंजलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्पचा बल्ब एक-दोन अँपिअर ओढतो. चार हीटर प्लग मिळून चाळीस ते साठ अँपिअर ओढतात, पहिल्या क्षणी त्याहून जास्त. त्या भाराखाली काय उरतं ते बघितलं नाही, तर काहीच बघितलं नाही.

म्हणून वायर पुन्हा प्लगवर बसवायला लावली. चारही प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर मीटरची लाल तार, इंजिनच्या अंगावर काळी. आप्पांनी किल्ली फिरवली. बॅटरीच्या टोकांवर बारा व्होल्ट, आणि पट्टीवर आठ. म्हणजे चार व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. व्होल्ट दोन तृतीयांश झाले की तयार होणारी उष्णता निम्म्याच्याही खाली येते. नवे कोरे प्लग बिचारे कोमट होत होते.

वाट शोधणं मग अवघड नसतं. मीटरची लाल तार बॅटरीच्या धन टोकावर धरायची आणि काळी एकेक टप्पा पुढे न्यायची. आधी फ्यूजच्या अलीकडे, मग पलीकडे, मग रिलेच्या (किल्लीच्या हुकुमावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरच्या टोकावर, मग ८७ नंबरच्या टोकावर, शेवटी पट्टीवर. दर वेळी मदतनिसाने किल्ली फिरवून हीटर चालू ठेवायचा, आकडा वाचला की बंद करायचा. प्लग फार वेळ चालू ठेवायचे नाहीत. जिथवर आकडा एक-दोन दशांशांत आहे तिथवर रस्ता साफ. जिथे तो उडी मारतो, तिथे आजार. आप्पांच्या जीपमध्ये ही उडी फ्यूजच्या दोन टोकांमध्ये होती. फ्यूज तुटलेला नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पण पट्टीचा फ्यूज ज्या स्क्रूने आवळतात तो सैल झाला होता, खाली हिरवट-काळा थर साचला होता आणि खालचं प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलं होतं. अशा जोडात ओहमच्या दहाव्या भागाएवढा अडथळा आला, तर चाळीस अँपिअरला चार व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. एकशे साठ वॅटची उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. प्लग गार आणि फ्यूजचा डबा गरम! आग लागली नाही हे नशीब.

पॉलिश पेपरने घासून, नवा फ्यूज आणि होल्डर घालून, वायरचं टोक कापून नवी थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवली. पट्टीवर साडेअकराच्या जवळपास व्होल्ट आले. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप पहिल्या सेल्फला लागली. पंप जागेवरच राहिला.

आप्पांनी काढलेले जुने प्लग डब्यात जपून ठेवले होते, ही त्यांची सवय मला फार आवडली. तेही मोजले. मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या की जो आकडा येतो तो वजा करावा लागतो, नाहीतर इतक्या लहान मापात फसगत होते. तो वजा करून तीन प्लग एक ओहमच्या आत-बाहेर भरले, म्हणजे निदान त्यांची तार शाबूत होती. चौथा उघडा, त्याची तार आत तुटलेली. तेव्हा प्लग बदलायची गरजच नव्हती असं मी म्हणणार नाही. एक बदलायला हवा होता. चार बदलले, बॅटरी बदलली, पंपाची तयारी झाली, आणि मूळ कारण पन्नास पावलांवरून येणाऱ्या जळक्या प्लास्टिकच्या वासासारखं स्पष्ट असूनही तसंच राहिलं.

गाडीमालकांना काही गोष्टी स्वतः ओळखता येतात. गाडी फक्त सकाळी, गार असतानाच त्रास देत असेल आणि दुपारी एका हाकेत चालू होत असेल, तर संशय हीटर प्लगच्या वीजपुरवठ्यावर घ्या. गरम इंजिनही चालू होत नसेल तर प्लगचा नाद सोडा. डिझेलमध्ये शिरणारी हवा, फिल्टर, कॉम्प्रेशन तिकडे बघा. सेल्फच मंद फिरत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थची वायर. इंजिनपासून चॅसीपर्यंत जाणारी ती विणलेली पट्टी बघायला कुणी वाकत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनचं अंग यांच्यात अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष तिथे आहे. आणि गाडी चालू होऊन पहिला मिनिटभर एका सिलिंडरवर लंगडत असेल, पांढरा धूर देऊन मग सुधारत असेल, तर एखादा प्लग मेलेला असण्याची शक्यता बरीच.

डॅशबोर्डवरच्या पिवळ्या वेटोळ्याच्या दिव्याबद्दल फार गैरसमज आहे. तो विझला म्हणजे प्लग तापले, असं लोक धरून चालतात. बऱ्याच गाड्यांत तो दिवा टायमरवर आणि पाण्याच्या तापमानावर चालतो, प्लगची त्याला काही खबर नसते. चारही प्लग मेले असले तरी तो शहाण्यासारखा लागतो आणि विझतो. उलट थंड सकाळी तो क्षणभरही लागत नसेल, तर रिलेला हुकूम देणाऱ्या बाजूला बघायला हवं, आणि तिथे तापमानाचा सेन्सर पहिला. इंजिन गार असताना हा सेन्सर जर ते गरम असल्याचं सांगत असेल, तर कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, प्लग तापवणारच नाही. स्कॅनरवर, म्हणजे त्या संगणकातली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर, पाण्याचं तापमान वाचा आणि बाहेरच्या हवेशी ताडून बघा. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी साठ अंश दाखवत असेल, तर चोर सापडला.

नव्या गाड्यांसाठी मात्र वेगळी सावधगिरी लागते. त्यांतले बरेच प्लग बारा व्होल्टचे नसतात. पाच-सात व्होल्टचे प्लग कंट्रोल मॉड्यूल तुकड्या-तुकड्याने वीज देऊन सांभाळतं, गाडी चालू झाल्यावरही काही वेळ तापत ठेवतं, म्हणजे धूर आणि खडखड कमी होते. असा प्लग काढून 'लाल होतो का बघू' म्हणत थेट बॅटरीला लावला, तर तो काही सेकंदांत जातो. सिरॅमिकचा असेल तर हातातून पडला तरी संपला, वरून तडा दिसो न दिसो. काढलेल्या प्लगवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. इथे साधं मीटर दिशाभूल करतं. डीसी मोजणारा क्लँप मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजणारा, लागतो. घरगुती वायरिंगवाल्यांकडचे बरेच क्लँप फक्त एसी मोजतात, ते इथे शून्य दाखवतील आणि उगाच मॉड्यूलवर खापर फुटेल. मॉड्यूल काही हजारांना पडतं.

स्कॅनरवाल्यांनाही एक सांगणं आहे. पी ०६७१ पासून पी ०६७४ पर्यंतचे बिघाडाचे कोड एकेका सिलिंडरच्या हीटर प्लगच्या सर्किटबद्दल बोलतात. सर्किट म्हणजे प्लग, त्याची टोपी, वायर, कनेक्टर, मॉड्यूलचा तो भाग, सगळं आलं. कोड बघून थेट प्लग मागवणं म्हणजे तपासणी अर्धी सोडणं. कनेक्टर काढून प्लगचा रोध मोजा, वायर मॉड्यूलपर्यंत मोजा, मग ठरवा. गार इंजिनावर करायची ही तपासणी गरम इंजिनावर उरकू नका. कंट्रोल युनिट तेव्हा प्लगना वीजच देणार नाही आणि सगळं मेलेलं दिसेल. गाडी रात्री ठेवून घ्या, सकाळी बघा.

गावाकडचे काही उपाय मला भीती वाटेल असे आहेत. एअर फिल्टरच्या तोंडाशी डिझेलमध्ये बुडवलेला पेटता बोळा धरणं. हीटर प्लग चालू असताना स्टार्टिंग स्प्रे मारणं. त्या स्प्रेमधला इथर, चटकन पेटणारा द्रव, लाल टोकाला भिडला की वेळेआधी भडकतो, पिस्टन, रिंगा फुटतात, इनटेक उडू शकतो. आणि सगळ्यात प्रिय उपाय म्हणजे रिले बाद करून बॅटरीवरून डायरेक्ट वायर आणि डॅशबोर्डखाली दाबायचं बटण. त्या वायरला फ्यूज नसतो, जाडी अपुरी असते, आणि बोट किती वेळ दाबून ठेवायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. प्लगची टोकं फुगतात, वितळतात. फुगलेला प्लग हेडमधून निघत नाही, जोर केला की मोडतो, आणि मग पूर्ण हेड उतरवावं लागतं. प्लग काढायचाच असेल तर इंजिन गरम असताना, आट्यांवर सैल करणारं तेल आदल्या दिवशी सोडून, हळू हाताने काढावा आणि बसवताना टॉर्क पाना वापरावा. दहा मिलिमीटर आट्याच्या प्लगला साधारण पंधरा न्यूटन-मीटर, म्हणजे हाताच्या अंदाजापेक्षा बरंच कमी, पुरतं. मोठ्या पान्याने 'कच्चून' आवळलेला प्लगच पुढच्या वेळी मोडतो.

गॅरेजवाल्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला हे लिहीत नाही. ती माझीच पोरं आहेत. सकाळी दारात चार गाड्या उभ्या असतात, प्रत्येकाला बाजार समितीची वेळ गाठायची असते, आणि तपासणीचे पैसे कुणी देत नाही. मेकॅनिकने अर्धा तास मीटर घेऊन शोध घेतला आणि एक स्क्रू आवळला, तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशाचे तीनशे?" प्लग बदलून दिले की तेच गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे देतं, कारण हातात डबा दिसतो. ही सवय आपण गाडीमालकांनी लावली आहे. शोधण्याची मजुरी आनंदाने द्या. स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असते, हे लक्षात घ्या. चुकीच्या निदानाचा भार दुकानदार उचलत नाही, मेकॅनिक उचलत नाही, तो तुमच्यावरच येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हीटर प्लग, रिले किंवा मॉड्यूल बदलण्याआधी गॅरेजने तीन आकडे बिलावर लिहून द्यावेत. प्लग तापत असताना बॅटरीवरचे व्होल्ट, त्याच वेळी प्लगच्या पट्टीवरचे व्होल्ट, आणि प्रत्येक प्लगचा रोध. मॉड्यूलवाल्या नव्या गाडीत व्होल्टऐवजी क्लँपने मोजलेला प्रवाह. हे लिहायला दोन ओळी लागतात. काढलेला माल गाडीमालकाच्या हातात द्यावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणंही धरलं आहे, तेव्हा आकडा मागणं हा काही आगाऊपणा नाही. कुणाशी भांडायचं नाही, फक्त विचारायचं, "दादा, भार टाकून किती व्होल्ट आले?" हा प्रश्न ऐकून चांगला मेकॅनिक खूश होतो, हे मी पाहिलं आहे.

तालुक्यातल्या प्रशिक्षण संस्थांनाही विनंती आहे. भाराखाली व्होल्टेज ड्रॉप मोजण्याचं प्रात्यक्षिक वहीत काढून घेण्यावर थांबू नका. दिवाळीनंतर, थंडी चढायच्या आधी, एखाद्या सकाळी संस्थेच्या आवारात गावातल्या डिझेल गाड्या बोलवा आणि पोरांना खऱ्या जोडांवर मीटर धरायला लावा. गंजलेली थिंबल एकदा स्वतः शोधली की मुलगा ती आयुष्यभर विसरत नाही. अशा तपासणीला निवृत्त निदेशक म्हणून मी विनामोबदला येईन, आणि माझे काही जुने सहकारीही येतील अशी खात्री आहे.

आणि संपादक महोदय, आपल्याला एवढंच मागणं, की यंदा पारा उतरल्याची बातमी द्याल तेव्हा शेजारी चार ओळींची चौकट द्या. बॅटरीची टोकं घासा, अर्थची पट्टी आवळा, हीटरचा फ्यूज आणि त्याचे स्क्रू बघा, आणि गाडी अडलीच तर पेटता बोळा घेऊन इंजिनाजवळ जाऊ नका.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मेकॅनिक डिझेल)
ता. निफाड, जि. नाशिक